चिऱ्याच्या भिंतींत वाय-फाय अडतंय: घरातल्या वायरिंगवरून नेट नेता येईल का?

पडवीकर

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातलं आमचं घर जुनं आहे. पुढे ओटी, मग माजघर, त्याला लागून देवघर आणि स्वयंपाकघर, मागे पडवी. भिंती चिऱ्याच्या, दीड फूट जाडीच्या. फायबरची लाइन रस्त्याकडून आली म्हणून राऊटर ओटीवर, मीटरच्या शेजारी बसवलाय. तिथे नेट झकास चालतं. माजघराच्या दाराशी दोन कांड्या उरतात आणि पडवीत काहीच नाही.

मी पुण्यातल्या एका फर्मचे हिशेब घरून बघते. त्यांच्या ऑफिसातला संगणक रिमोटवर उघडून टॅली चालवायची, बस. स्पीड फार लागत नाही, पण मधेच तुटलं की एंट्री अर्धवट राहते आणि पलीकडून फोन सुरू होतात. सध्या ओटीवर बसून काम करते. ओटी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची जागा. "सूनबाई, जरा चहा टाक" हे मीटिंगमध्ये सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

मागच्या अंगणापलीकडे जुना गोठा आहे. गुरं आता नाहीत. सासऱ्यांनी कोबा करून, खिडकी पाडून छान खोली केली आहे. घरापासून पंचवीसेक मीटर असेल. तिथे टेबल मांडायचं आहे, आणि ते जमेपर्यंत निदान पडवीत तरी.

नणंदेचा मेश राऊटर लावून बघितला. दुसरा डबा माजघराच्या पलीकडे ठेवला की त्यालाच सिग्नल मिळत नाही, तो पुढे काय देणार? केबल टाकायची तर भिंतीला भोक पाडायला सासरे तयार नाहीत, आणि कौलांवरून नेली तर माकडं ठेवणार नाहीत. डिशची वायर त्यांनी दोनदा तोडली आहे.

पॉवरलाइन अडॅप्टर म्हणून एक प्रकार वाचला. एक राऊटरजवळच्या प्लगात, दुसरा हव्या त्या खोलीतल्या प्लगात, आणि नेट घरच्याच वायरिंगमधून जातं म्हणे. कोणी वापरलाय का? आमची वायरिंग जुनी आहे, लाकडी पट्टीवरची, काही भाग नंतर प्लास्टिकच्या पट्टीत घातलेला. विहिरीच्या पंपासाठी थ्री फेज आहे. इन्व्हर्टर आहे. वीज जाते, पावसाच्या तोंडावर जास्तच. आणि विजांचं काय करायचं?

कोथरूड_तिसरा_मजला

मी हॉल ते बेडरूम वापरतो, दोन वर्षं झाली, काही त्रास नाही. खोक्यावर ६०० एमबीपीएस लिहिलंय, मला ८०-९० मिळतात. मुलाचा गेम चालतो म्हणजे तुमची टॅली पळेल. बिनधास्त घ्या.

निवृत्त_उपकेंद्र_कराड

पडवीकर ताई, बिनधास्त घेऊ नका. आधी वायर कुठून कुठे जाते ते बघा, मग पाकीट उघडा.

मी वीज मंडळात नोकरी केली, उपकेंद्रात. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हा आम्ही महापारेषणकडे, म्हणजे मोठ्या लाइनी सांभाळणाऱ्या कंपनीकडे, गेलो. विजेच्या तारेवरून बोलणं आम्हाला नवीन नाही. बाहेर ट्रंक कॉल लावून माणूस तासन्‌तास बसायचा त्या काळात आम्ही २२० केव्हीच्या लाइनवरून थेट पलीकडच्या उपकेंद्राशी बोलायचो. त्याला पीएलसीसी म्हणत. तारेत वीज ५० हर्ट्झची आणि तिच्याच अंगावर साधारण ५० ते ५०० किलोहर्ट्झच्या दरम्यानची, आवाज वाहून नेणारी लहर. नुसतं बोलणंच नाही, लाइनवर दोष आला की पलीकडचा ब्रेकर पाडायचा निरोपही त्यावरूनच जायचा. उपकेंद्रात लाइन शिरते तिथे वर एक मोठं पिंपासारखं वेटोळं लटकलेलं दिसतं, तो वेव्ह ट्रॅप. वीज त्यातून आरपार जाते, पण वरची लहर अडते आणि बसबारात, म्हणजे उपकेंद्रातल्या सगळ्या लाइनी जोडणाऱ्या जाड तारांत, पसरून वाया जात नाही. लहर तारेत घालायला-काढायला कपॅसिटर. तो ५० हर्ट्झला भिंत आणि वरच्या लहरीला उघडं दार.

तुमचा अडॅप्टर म्हणजे तेच काम, लहान जागेत आणि फार वरच्या पट्टीत. होमप्लग एव्ही हे २००५ सालचं मानक साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झमध्ये चालतं. लहर एक नसते. ९१७ बारीक वाहक लहरी असतात आणि दोन्ही डबे सतत तपासत असतात की यातली कुठली स्वच्छ जातेय. जी घाण तिच्यावर कमी माहिती टाकायची किंवा सोडून द्यायची. म्हणून हे प्रकरण सहसा पूर्ण बंद पडत नाही, हळू होतं. खोक्यावरचा आकडा मात्र विसरा. तो तारेवरचा कच्चा वेग असतो, जाण्यायेण्याचा मिळून. हाती त्याचा तिसरा-चौथा हिस्सा आला तरी चांगलं. शिवाय ६०० लिहिलेल्या काही डब्यांचं लॅनचं भोक १०० चंच असतं, मग कोथरूडकरांना ८०-९० च्या वर कुठून मिळणार! तुमच्या कामाला त्याने फरक पडत नाही. रिमोटवर टॅलीला एवढं लागत नाही.

आता तुमच्या घराकडे येतो. वेव्ह ट्रॅप आम्ही मुद्दाम बसवायचो. घरात लोक तो नकळत बसवतात. स्पाइक गार्डवाला एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस, टीव्हीचा स्टॅबिलायझर, यांच्या पोटात वरच्या पट्टीतली लहर गिळायचीच सोय असते. त्यात अडॅप्टर लावला की संपलं. अडॅप्टर भिंतीतल्या प्लगातच लावायचा. राऊटरचा चार्जर हवा तर बोर्डावर घ्या.

थ्री फेजचं असं की राऊटरचा प्लग एका फेजवर (समजा आर) आणि पडवी दुसऱ्या फेजवर (समजा बी) असेल तरी लहर थोडीफार उडी मारते, कारण बोर्डात तारा शेजारी-शेजारी धावतात. पण कमजोर होते. घर आणि पंप वेगळ्या मीटरवर असतील तर गोष्टच वेगळी. तुम्ही "पंपासाठी थ्री फेज" म्हणालात, म्हणजे शेतीपंपाचं मीटर वेगळं असणार आणि घर सिंगल फेजच असणार असा माझा अंदाज.

तेव्हा खरेदीआधी एक करा. दिवसाउजेडी गोठ्यातला दिवा लावून ठेवा आणि ओटीवरचा घरचा मेन स्विच पाडा. गोठ्यातला दिवा विझला तर तो घरच्या मीटरवर आहे, पुढे बोलू. चालूच राहिला तर तो पंपाच्या पेटीतून ओढलेला आहे. मग दोन्ही मीटर, दोन्ही सर्व्हिस वायरी आणि मधला खांब असा फेरा होतो. डब्यावरचा दिवा लागेलही कधी, पण त्यावर काम होणार नाही. आणि तसं असेल तर दुसरं एक ऐका. शेतीपंपाच्या मीटरवर खोलीचा दिवा-पंखा चालवणं नियमात बसत नाही. नेटच्या आधी ते सरळ करून घ्या.

इन्व्हर्टरचं: वीज असते तेव्हा इन्व्हर्टरच्या लाइनवरची फेज त्याच्या आतल्या रिलेतून, म्हणजे आपोआप पडणाऱ्या स्विचमधून, फिरून येते. वीज गेली की तो रिले तुटतो. एक अडॅप्टर मेनच्या प्लगात आणि दुसरा इन्व्हर्टरच्या, असं ठेवलंत तर वीज गेल्यावर जोड तुटणारच. राऊटर, फायबरचा डबा आणि दोन्ही अडॅप्टर, चारही इन्व्हर्टरच्या लाइनवर पाहिजेत. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना तेही बघा. हे डबे ५० हर्ट्झच्या लाटेवरूनच आपला ताल धरतात. चौकोनी लाट देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर ते अडखळतात.

लघुलहरी

वरच्या काकांनी सगळं बरोबर सांगितलं, एक बाजू राहिली. मी हौशी रेडिओवाला आहे. घरची वायरिंग ही शील्ड नसलेली तार. तिच्यात २ ते २८ मेगाहर्ट्झ भरलं की ती अँटेना होते. या डब्यांत हौशी रेडिओच्या पट्ट्या वगळलेल्या असतात, म्हणून ७ आणि १४ मेगाहर्ट्झला सहसा वाचतो. पण लघुलहरीवर परदेशी स्टेशनं ऐकणाऱ्यांच्या पट्ट्या सगळ्याच डब्यांत वगळलेल्या नसतात. तिथे खरखर ऐकू येते. गावात कोणी म्हातारबाबा अजून रेडिओ लावून बसत असतील तर एकदा विचारा. उलटही होतं: शेजारी जोरात ट्रान्समिट केलं की तुमचा वेग पडतो. राजापुरात माझ्यासारखा कोणी शेजारी असण्याची शक्यता कमी, ते तुमचं नशीब.

आखेनहून

इथे जर्मनीत हा प्रकार घरोघरी दिसतो. फ्लॅटमध्येही तीन फेज येतात, स्वयंपाकाची शेगडी त्यावर असते, त्यामुळे फेज बदलल्याची तक्रार इथलं नेहमीचं रडगाणं आहे. मी ज्या गावात राहते तिथलीच डेव्होलो कंपनी हे डबे बनवते.

दोन गोष्टी सांगते, कारण भारतात नातेवाईक "तिकडून आण" म्हणतात. एक, जुने डबे होमप्लगचे आणि नव्यांपैकी काही जी.एचएन या दुसऱ्या मानकाचे. या दोघांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही. एक घरातला जुना आणि एक नवा, असं करू नका. जोडीच घ्या. दोन, इथली पिन तिकडच्या प्लगात कन्व्हर्टर लावून बसते, पण स्वस्त कन्व्हर्टरमध्ये अर्थिंग जोडलेलं नसतं. एव्ही२ या होमप्लगच्या पुढच्या जातीतले काही डबे फेज-न्यूट्रलसोबत अर्थची तारही वापरतात, त्यांच्या जादा वेगाचा बराच भाग त्यावर असतो. अर्थ नसेल तर ते चालतात, पण दोन तारांवर. म्हणजे महागडा डबा आणून साध्याचं काम. माझ्या आईच्या घरी सांगलीत प्लगला तीन भोकं आहेत पण वरच्या भोकामागे तारच नाही, असं वायरमनने उघडून दाखवलं. जुन्या घरात ते आधी तपासा. नेटसाठी नाही तरी जिवासाठी.

आणि ज्या डब्याच्या तोंडावर दुसरी वस्तू लावायला सॉकेट असतं, तो घ्या. त्या सॉकेटच्या आत गाळणी असते. लॅपटॉपचा चार्जर भिंतीत न लावता त्यात लावला की चार्जरची घाण तारेत येत नाही.

पडवीकर

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा अंदाज बरोबर. मेन पाडला, घरात सगळं बंद, सासूबाई आतून ओरडल्या, आणि गोठ्यातला दिवा मस्त चालू. पंपाच्या पेटीतून घेतलेला निघाला. सासऱ्यांना विचारलं तर म्हणे, "तेव्हा गुरांसाठी एक बल्ब लागायचा, कोण विचारतोय!" आता वायरमनला बोलावून घरच्या बोर्डावरून वेगळी वायर काढायचं ठरलं आहे.

तोवर पडवीसाठी चुलतदिराकडून एक जोडी आणली. एव्ही जातीची, साधी. ओटीवरच्या प्लगात एक, पडवीत एक. लगेच लागली! दुपारी मोजलं तर ३५ ते ४० मिळतात, पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायचा वेळ, ४-५ मिलिसेकंद. मीटिंग झाली, कोणी चहा मागितला नाही.

पण संध्याकाळी सात वाजले की ५-६ वर येतं आणि मधे तुटतं. मिक्सर लावला तर तुटतं हे कळतं, पण मिक्सर काही दोन तास चालत नाही. हे कशाने होत असेल?

निवृत्त_उपकेंद्र_कराड

सात वाजता घरात काय सुरू होतं ते तुम्हीच सांगा. दिवे, टीव्ही, मोबाइलचे चार्जर, देवघरातली माळ. आता लॅपटॉपवर राऊटरला सतत पिंग लावून ठेवा आणि एकेक वस्तू नुसती बंद नाही, प्लगातून काढायची. बल्ब असेल तर होल्डरमधून. स्विच न्यूट्रलवर बसवलेला असला तर बंद करूनही वस्तू तारेला लागलेलीच राहते, जुन्या घरात हे असतंच.

माझा पहिला संशय स्वस्त एलईडी बल्बवर. त्याच्या बुडातल्या छोट्या सर्किटमध्ये गाळणीचे चार पैसे वाचवलेले असतात. ते सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं आणि त्याची कचकच मेगाहर्ट्झपर्यंत चढते. दुसरा संशय, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तिसरा.

केबलवाला_लांजा

ताई, गोठ्यासाठी घरच्या बोर्डावरून वायर काढून पॉवरलाइन चालेल, पण वायरमन खड्डा किंवा पाइप करणारच असेल तर त्याच वेळी शेजारून फायबर टाका ना. आम्ही होमस्टेंना हेच करतो. फायबरची बारीक ड्रॉप केबल मीटरवर मिळते, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टरची (फायबरचं लॅन आणि लॅनचं फायबर करणाऱ्या डब्यांची) जोडी, झालं. दोघांचा मिळून खर्च चांगल्या पॉवरलाइनच्या जोडीपेक्षा फार नाही. आपल्याकडे कातळात खणायला गेलात तर मजुरी डोक्यावर बसेल, त्यापेक्षा गडग्याच्या कडेने काळा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप न्या. पाइपातली केबल माकडं सोडून देतात, त्यांना लोंबणारी पाहिजे असते. वीजेची वायर आणि फायबर वेगळ्या पाइपांत ठेवा.

केबल घेताना आत ताणासाठी पोलादी तार आहे की एफआरपीची (काचतंतूच्या प्लास्टिकची) काडी, ते विचारा. पोलादी असेल तर वीज पडल्यावर तीच वाट होते. एफआरपीची घ्या. तांब्याची लॅन केबल दोन इमारतींमध्ये टाकू नका, वळवाच्या पावसात आम्ही किती स्विच फेकले त्याला गणती नाही.

पडवीकर

काका, बल्ब नव्हता! सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर. मूळचा जळाला होता म्हणून बाजारातून आणलेला. तो काढला की पिंग सरळ. सासूबाईंची मालिका सातला सुरू होते, म्हणून सातलाच त्रास. चांगला अडॅप्टर मागवला आहे, तोपर्यंत तो स्पाइक गार्डच्या बोर्डावर लावला. तेवढ्यानेही २५ च्या खाली जात नाही. म्हणजे तुमचा तो नकळत बसवलेला वेव्ह ट्रॅप इथे कामाला आला.

गोठ्याला फायबरच करू. लांजेकर, गडग्याची कल्पना सासऱ्यांना पटली, "भिंतीला हात नाही ना लागत" म्हणाले.

शेवटचं एक. शेजारचं घर दिराचं, त्यांची लाइन त्याच खांबावरून. त्यांनीही अशी जोडी घेतली तर आमचं नेट त्यांच्याकडे जाईल का?

निवृत्त_उपकेंद्र_कराड

ट्रान्सफॉर्मरपलीकडे लहर जात नाही, पण त्याच्या अलीकडच्या घरांत थोडीफार पोचू शकते. माहिती १२८ बिटांच्या किल्लीने बंद केलेली असते, पण कारखान्यातून येताना बऱ्याच डब्यांत किल्ली एकच असते, "होमप्लगएव्ही" हाच शब्द. तुमची जोडी तर वापरलेली, तिची किल्ली कोणाकोणाला माहीत कोण जाणे. पेअरचं बटण असेल तर आधी ते दहा-पंधरा सेकंद दाबून जुनी किल्ली पुसा, मग एकावर थोडं दाबा आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्यावर. नवी किल्ली तयार होते. दिरांनी त्यांचं तसंच करावं, म्हणजे दोन्ही घरं वेगळी राहतील. मात्र तार एकच असल्याने दोन्हीकडे एकाच वेळी मोठं काही चाललं तर वेग वाटला जाईल, तेवढं धरून चाला.

आणि ढग गडगडायला लागले की दोन्ही डबे आणि राऊटर प्लगातून काढा. नुसता स्विच पाडून भागत नाही.